थॉर्नशॉमधली पहिली तक्रार

थॉर्नशॉ, वेस्ट यॉर्कशर
सोमवार, १८ सप्टेंबर २०२३

प्रिय हेझल,

काल, रविवारी, दुपारी साडेबारा वाजता तुझ्या मुलीच्या पबमध्ये मी धरून तीन माणसं होती, आणि ही गोष्ट तुला तिच्याकडून कळणार नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, तेव्हा कागदच बरा.

तिघांपैकी दोघं टेकड्या चढायला आलेले परगावचे होते. त्यांनी रस्ता विचारला, चहा घेतला आणि गेले. तिसरी मी. रविवारी बारा ते दोन या वेळात ‘लेम टप’ पबमध्ये कोपर टेकायला जागा मिळायची नाही, हे तुला आठवत असेल.

ब्रुअरीने ब्रायनीला आपला पब सहा महिन्यांच्या बोलीवर चालवायला दिला आहे. मुदत ऑक्टोबरअखेर संपते. तोवर शनिवार-रविवारची गर्दी दिसली तर पाच वर्षांचा करार, नाही तर दाराला कुलूप. कुलूप म्हणजे वरच्या दोन खोल्यांनाही, आणि घटस्फोटानंतर ब्रायनीला दुसरं घर नाही. एवढं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते असं, की गावाने तिच्याकडे पाठ फिरवली आहे आणि तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

डोळ्यांदेखत घडलेलं सांगते. गेल्या महिन्यात पोस्टातली मेव्हिस ग्रीनवुड तिच्याकडे ब्रंचला बसली होती. लाकडी पाटावर भाजलेला पाव, त्यावर अव्होकाडोचा हिरवा लगदा, त्यावर अंडं. मेव्हिसने अर्धं खाल्लं, उरलेलं कडेला सारलं आणि त्याचं तोंड कागदी रुमालाने झाकलं. ब्रायनी आली. “सगळं ठीक आहे ना?” मेव्हिस म्हणाली, “अगदी छान गं पोरी, पोट कसं तुडुंब भरलं!” दाराबाहेर पाऊल पडल्यावर मला म्हणाली, “बेरिल, आता इस्टरपर्यंत मी इकडे फिरकत नाही.”

सगळेच असं करतात. छान म्हणतात आणि परत येत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. हे ब्रंचचं खूळ गावाला मानवलेलं नाही. नाश्ता नाश्त्याच्या वेळी करावा आणि जेवण जेवणाच्या वेळी. ते बंद कर म्हणून तिला सांग. तू आई आहेस.

तुझी मावसबहीण,
बेरिल

*

वर्दिंग
गुरुवार, २१ सप्टेंबर

प्रिय बेरिल,

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा थंड झाला. दुसरा केला, तोही झाला. चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाई सांडलीस, आता माझ्या मुलीची वही घेतलीस का हाती?

ब्रायनी दर बुधवारी फोन करते. कालही केला. “आई, सगळे खूश आहेत,” म्हणाली. “मागे एक बाई तर म्हणाल्या, पोट तुडुंब भरलं!” आता ही तुझी मेव्हिसच असेल, पण मी काय म्हणते, एखादीला खरंच आवडलं असेल की. आमच्याकडे समुद्रकाठच्या हॉटेलांपुढे शनिवारी सकाळी त्याच अंड्या-पावासाठी रांगा लागतात. लोक थंडीत उभे राहतात गं.

ब्रंच बंद कर म्हणून मी तिला सांगणार नाही. विमा कंपनीतली नोकरी सोडून ती तिकडे गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला फोनवर तिचं हसू ऐकू येतं, आणि मला फोनवर किती ऐकू येतं हे तूच लिहिलं आहेस. तिला काही बोलू नकोस. फार हळवी आहे ती. मला तसं वचन दे.

तुझी हेझल

ता. क. रविवारी बाराला काउंटरवर भाजलेले बटाटे ठेवतात ना अजून? सहज आठवलं.

*

थॉर्नशॉ
गुरुवार, २८ सप्टेंबर

प्रिय हेझल,

वचन देत नाही.

तुझ्या ताज्या कलमाने मात्र मला कामाला लावलं. बटाटे नाहीत. आणि ते नाहीत हे मला दिसलं नव्हतं, कारण रविवारी बारा वाजता टपमध्ये जायला मी निवृत्तीनंतर लागले, आणि बसते ती खिडकीत, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून. आपल्या तरुणपणी त्या वेळी पुरुष पबमध्ये असायचे आणि बायका भट्टीपाशी, मांस भाजत. काउंटरवर काय चालतं ते मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

म्हणून मंगळवारी क्लिफर्ड बॅरक्लफला बसथांब्यावर गाठलं. पबातल्या डॉमिनोजच्या, त्या ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या खेळाच्या, संघाचा कप्तान. सदुसष्ट वर्षांचा आहे, पण मी शिकवलेल्या पहिल्याच वर्गातला विद्यार्थी.

“क्लिफर्ड, तुम्ही सगळे रविवारी असता कुठे?”

“कुठे म्हणजे, इकडे-तिकडे, बाई.”

“इकडे की तिकडे?”

“वर. क्रिकेट क्लबात.”

“तिथली बिअर चांगली आहे?”

“छे! धुण्याचं पाणी.”

“मग टेकडी चढून धुण्याचं पाणी प्यायला का जाता?”

तो बुटांकडे बघायला लागला. नकाशात नाईल सापडली नाही की असाच बघायचा. मग म्हणाला, “तिने बटाट्याला पैसे लावले, बाई.”

तुझ्या वडिलांच्या काळाच्याही आधीपासून चालत आलेली रीत आहे म्हणे. बाराच्या ठोक्याला मालकीणबाईंनी भट्टीतून मोठं ताट काढायचं, वरून मीठ टाकायचं आणि काउंटरवर ठेवायचं. हातात ग्लास आहे त्याने बोटांनी उचलून खायचं, दोन पाइंट प्यायचे आणि घरी जेवायला जायचं. त्याला पैसे लावणं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. ब्रायनीने तेच बटाटे छोट्या पत्र्याच्या बादलीत घातले, रोझमेरीचा तुरा खोवला आणि ब्रंचच्या कार्डावर लिहिलं, साडेचार पौंड. पहिल्या रविवारी सगळे आले, सगळ्यांनी कार्ड वाचलं, एकेक पाइंट प्यायले, छान आहे म्हणाले. दुसऱ्या रविवारी क्लबात.

“तिला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“असं तोंडावर? वाईट वाटलं असतं हो तिला.”

“आणि पब बंद पडला की बरं वाटेल?”

“असा विचार नव्हता केला, बाई.” तेवढ्यात त्याची बस आली. इतक्या चपळाईने बसमध्ये चढलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आता माझं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की सगळेच छान म्हणतात. त्या सगळ्यांत मी आहे. मे महिन्यात मी तिच्या हातचं अंडं खाल्लं. दगड होतं. तिने विचारलं, मी छान म्हणाले. चाळीस वर्षांत चुकलेल्या उत्तराला मी एकदाही छान म्हटलं नाही, आणि तिथे म्हटलं. क्लिफर्डवर डोळे वटारायचा मला काही अधिकार नव्हता.

हे दुरुस्त करायला हवं. येत्या रविवारी मी टपमध्ये सर्वांसमोर तक्रार करणार आहे.

बेरिल

*

वर्दिंग
शनिवार, ३० सप्टेंबर, सकाळच्या टपालाने

बेरिल, नको!

सर्वांसमोर? थॉर्नशॉमध्ये? एथेलमावशीच्या लग्नात हॅम नासलेलं होतं, आठवतं? अकरा जण आजारी पडले आणि अकराच्या अकरा जणांची आभाराची पत्रं आली. आपण असले लोक आहोत. तू तिला भर पबात बोललीस तर ती सामान बांधून निघेल आणि मग ब्रुअरीला कुलूपही लावावं लागणार नाही. हात जोडते.

हेझल

*

थॉर्नशॉ
सोमवार, २ ऑक्टोबर

प्रिय हेझल,

तुझं कार्ड आज सकाळी पोचलं. उशीर झाला. जे घडलं ते क्रमाने लिहिते, मध्ये चहा करायला उठू नकोस.

रिकाम्या पबमध्ये तक्रार करून उपयोग नव्हता, म्हणून साडेअकराला मी टेकडी चढून क्लबात गेले. पत्र्याच्या छपराखाली तेवीस माणसं बसली होती. त्यातल्या सोळांना मी शिकवलं आहे. दारातूनच म्हणाले, “कोट घाला.”

कुणी का म्हणून विचारलं नाही. क्लिफर्ड एवढंच म्हणाला, “बाई, ग्लास संपवू का?”

“धुण्याचं पाणी आहे म्हणालास ना? ठेव तिथेच.”

दोघा-दोघांच्या रांगेने त्यांना खाली आणलं. वाटेत मेव्हिस भेटली. कुणाची मयत आहे म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मागून चालायला लागली.

इतकी माणसं एकदम आत आलेली बघून ब्रायनीच्या हातातलं फडकं गळून पडलं. पोरीने सगळ्यांना पटापट पाइंट भरून दिले. हात चांगला आहे तिचा. मी मधल्या टेबलावर बसले आणि ब्रंच मागवलं. पाट आला. अंड्यात सुरी घातली. मेमधल्यासारखंच होतं.

“सगळं ठीक आहे ना, मावशी?”

“नाही,” मी म्हणाले. “ठीक नाही.”

नोव्हेंबरात हुतात्म्यांसाठी आपण दोन मिनिटं उभे राहतो, तेव्हाही इतकं शांत नसतं. मी ठरवलं होतं ते सगळं बोलले. “अंडं दगड आहे. या पाटाला कड नाही, पाव मांडीवर येतो. जेवायला ताटली लागते. या स्टुलाला पाठ नाही आणि माझ्या पाठीला शहात्तर वर्षं झाली. आणि बटाट्याला पैसे लावून तू या गावाचा रविवार मोडलास. हे मी तुला मे महिन्यात सांगायला हवं होतं. तेव्हा छान म्हणाले. खोटं बोलले.”

ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली. मला वाटलं, हेझल म्हणते ते खरं, गेली ही पोर. 

तेवढ्यात कोपऱ्यातून मेव्हिस म्हणाली, “रोझमेरी दातांत अडकते गं.”

सगळ्या माना तिच्याकडे. ती म्हणाली, “नाही, बेरिल बोललीच आहे म्हणून आपलं.”

क्लिफर्ड खाकरला. “डॉमिनोजचं टेबल मागच्या खिडकीत असायचं. तिथे आता कुंडी आहे. कुंडीबद्दल काही म्हणणं नाही आपलं, कुंडी तशी छानच—”

“क्लिफर्ड!”

“भिकार आहे, बाई.”

मग धरण फुटलं. गाणी फार मोठ्याने लागतात. बिअर फार थंड असते. कार्डावरची अक्षरं चष्मा लावूनही लागत नाहीत. कुत्र्यांचं पाण्याचं भांडं कुठे गेलं? ब्रायनीने कार्डं उलटी केली आणि पाठीवर लिहायला लागली. “आणखी? पुढचा कोण?” लोक तक्रार सांगायचे, ग्लास भरून घ्यायचे, पुन्हा मागे जाऊन उभे राहायचे. एकतीस तक्रारी झाल्या. इतका आनंद मी या गावात राणीच्या राज्याभिषेकालाही पाहिला नव्हता.

एकतीस झाल्यावर तिने पेन्सिल आपटली. “पाच महिने! पाच महिने मी रिकाम्या टेबलांवरून फडकं फिरवते आहे! सगळ्यांना एवढं आवडतं तर येत का नाहीत म्हणून डोकं फुटायची वेळ आली माझी!”

म्हणजे तिला सगळं दिसत होतं, हेझल. दर बुधवारी तू विचारायचीस आणि ती तुला छान म्हणायची. रक्त आपलंच आहे.

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो गं,” क्लिफर्ड म्हणाला. “आता वाटतंय का वाईट?”

“वाटतंय!” ती ओरडली. “आणि बरंही वाटतंय! ग्लास कुणाचा रिकामा आहे?”

मी म्हणाले, ब्रंच बंद कर. तर गर्दी बघून आत येऊन बसलेली क्लिफर्डची सून फणकाऱ्याने उठली. “वा, बाई! आणि आम्ही रविवारी सकाळी पोरांना घेऊन जायचं कुठे? तुमच्या क्लबात?” तिचं म्हणणं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. ठरलं ते असं: नऊ ते साडेअकरा ब्रंच, ताटल्यांत. मग टेबलं पुसायची. बाराला बटाट्याचं ताट, फुकट. कुंडी बाहेर.

ब्रुअरीचा माणूस येईपर्यंत चार रविवार हातात आहेत.

बेरिल

*

वर्दिंग
शुक्रवार, ६ ऑक्टोबर

प्रिय बेरिल,

बुधवारी ब्रायनीचा फोन आला. दहा मिनिटं रडली, वीस मिनिटं हसली आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकू आलं.

आता माझ्याकडून घे. ताजा कलम सहज नव्हता. मे महिन्यात उद्घाटनाला मी आले होते ना, तेव्हा आत पाऊल टाकताक्षणी माझी नजर काउंटरवर गेली. लहानपणी रविवारी बाबांना जेवायला बोलवायला मला पाठवायचे. आत जायची परवानगी नव्हती, मी दारात उभी राहायचे आणि बाबा रुमालात एक गरम बटाटा आणून द्यायचे. तो घरी पोचायच्या आत खायचा, आईला कळू द्यायचा नाही. बारा वाजून गेले आणि ताट आलं नाही, तेव्हाच मी समजले की हे चुकतंय. ब्रायनीने विचारलं, “आई, कसं वाटलं?” तिचे डोळे इतके चमकत होते, बेरिल. मी छान म्हणाले.

तेव्हा पहिली मी. तू नाहीस, क्लिफर्ड नाही. हे मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, “बत्तिसावी तक्रार, आई. तुझ्याबद्दल.” मी म्हटलं, लिहून घे.

जुन्या मालकीणबाई, मिसेस ऍक्रॉइड, कशा करायच्या ते तिला दाखव. बटाटे अर्धवट उकडायचे, पाणी काढायचं, झाकण दाबून धरून पातेलं गदागदा हलवायचं, म्हणजे कडा खडबडीत होतात. परातीत गोमांसाची चरबी धूर निघेपर्यंत तापवायची, मगच बटाटे आत. तेल नाही. रोझमेरी तर नाहीच नाही.

तुझी हेझल

*

थॉर्नशॉ
मंगळवार, ३१ ऑक्टोबर

प्रिय हेझल,

जिंकलो.

ब्रायनीने काल फोनवर सांगितलं असेलच, पण ती बराच वेळ स्वयंपाकघरात होती. बाहेरचं तिला अर्धंच माहीत.

पहिल्या रविवारी पंधरा जण आले, बटाटे कच्चे होते आणि सहा जणांनी तसं तोंडावर सांगितलं. दुसऱ्या रविवारी करपले. तेही सांगितलं. तिसऱ्या रविवारी कुणी काही बोललं नाही, कारण तोंडं भरलेली होती. क्रिकेट क्लबाने रविवारी दुपारचं दार उघडणं बंद केलं आहे.

परवाचा चौथा. हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे करायचा दिवस. मी शनिवारीच केलं होतं. बाकी डॉमिनोजचा संघ, त्यांच्या बायका आणि निम्मा गाव विसरला. जुन्या वेळेने बरोबर बाराला, म्हणजे खऱ्या अकराला, सगळे दारात हजर! आत ब्रंचची टेबलं गच्च: पोरं, बाबागाड्या, लीड्सहून आलेली जोडपी, तीन कुत्री. क्लिफर्ड भिंतीवरच्या घड्याळावर ओरडतो आहे, “बंद पडलंय हे!” सून ओरडते आहे, “बाबा, घड्याळ बरोबर आहे, तुम्ही बंद पडलाय!” परत कोण जातो? सगळे तिथेच उभे राहिले. लोक ताटल्या डोक्यावर धरून चालत होते.

आणि सव्वाअकराला ब्रुअरीचे मिस्टर डेनहोम आले. न कळवता, राखाडी कोट, काखेत फाईल. रिकाम्या खुर्च्या मोजायला आले असावेत. त्यांना दार पुरतं उघडता येईना. काउंटरपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. मध्ये घुसायला बघत होते, तर क्लिफर्ड म्हणाला, “त्या लाल स्वेटरवाल्या बाई, मग मी, मग तुम्ही.” ब्रुअरीचे असले म्हणून काय झालं?

बाराला ताट आलं. लीड्सवाल्यांना वाटलं ते कुणीतरी मागवलेलं आहे. मेव्हिसने त्यांच्या हातात बटाटे कोंबले. डेनहोमनी एक उचलला, खाल्ला, दुसरा उचलला आणि पाकीट काढलं. “किती झाले?”

 ब्रायनी म्हणाली, “त्याला पैसे नसतात, मिस्टर डेनहोम.” मग सवयीने विचारलं, “सगळं ठीक आहे ना?”

“अगदी छान,” ते म्हणाले.

“खरं सांगा!” अख्खा पब गरजला. बाबागाड्यांतली दोन पोरं रडायला लागली.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. कानापर्यंत लाल झाले. “मीठ,” म्हणाले, “किंचित कमी आहे.”

असा जल्लोष झाला की खिडक्या हादरल्या. मेव्हिसने मिठाची बाटली त्यांच्या हातात दिली आणि क्लिफर्डने त्यांना पाइंट पाजला. तिथेच, काउंटरवर, त्यांनी फाईल उघडली आणि ब्रायनीला विचारलं की सहीसाठी मंगळवार चालेल का. ब्रायनी स्वयंपाकघरात पळाली. मी मागून गेले. ती परातीपाशी उभी राहून रडत होती. मला बघून म्हणाली, “मावशी, आता तरी छान म्हण.”

मी परातीतला एक बटाटा खाल्ला. चांगला झाला होता. तसं सांगितलं. माझ्याकडून एवढं पुष्कळ आहे हे तिला कळतं.

आज सकाळी अकराला काउंटरवर जे देणंघेणं झालं त्याची नोंद तुझ्यासाठी उतरवून पाठवते. साक्षीदार मी आणि क्लिफर्ड बॅरक्लफ.

ब्रुअरीतर्फे श्री. डेनहोम यांनी श्रीमती ब्रायनी पामर यांच्या हाती दिलं: पाच वर्षांचा करार, सही-शिक्क्यानिशी, एक. तळघराच्या किल्ल्या, दोन. दारावर लावायची मालकिणीच्या नावाची पाटी, रंग ओला, एक. खिडक्या ठोकून बंद करण्यासाठी ब्रुअरीने सप्टेंबरातच मापाने कापून आणलेल्या आणि मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या फळ्या, चौदा. फळ्या श्रीमती पामर यांनी पाच नोव्हेंबरच्या गावाच्या शेकोटीसाठी क्लिफर्डच्या ताब्यात दिल्या. मोजून घेतल्या. चौदा भरल्या.

बेरिल सग्डन